विक्रोळीला फास्ट थांबत नाही

लॉर्ड या गायिकेचं 'रॉयल्स' हे गाणं सुरू होतं तेव्हा त्यात जवळजवळ काहीच वाजत नसतं. एक खोल ठोका, त्याला उत्तर द्यावं तशा चुटक्या, आणि लगेच एका मुलीचा आवाज. गिटार नाही, पियानो नाही, आधी वातावरण बांधून देणारे सूर नाहीत. गाणं संपेपर्यंत त्यात फारशी भरही पडत नाही. वाढत जातात ते त्याच मुलीचे आवाज, एकावर एक. हे असं गाणं २०१३ साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि पुढच्या जानेवारीत त्याला दोन ग्रॅमी मिळाली.

'रॉयल्स'बद्दल जगभर लिहून झालंय. मला लिहायचंय ते ज्या अल्बममध्ये ते तिसरं गाणं आहे त्या अल्बमबद्दल. 'प्युअर हिरॉइन', सप्टेंबर २०१३. लॉर्डचा पहिलाच अल्बम, दहा गाणी, सदतीस मिनिटं. इलेक्ट्रोपॉप म्हटलं की आपल्याला झगमगाट, नाच, धडधड आठवते. हा अल्बमही यंत्रांवरच केलेला आहे, पण त्यातली यंत्रं बहुतेक वेळ गप्प बसलेली असतात. इतक्या वर्षांत माझे कितीतरी आवडते अल्बम मागे पडले. हा पडला नाही. का पडला नाही, याचं उत्तर मला गेल्या काही महिन्यांत थोडं थोडं सापडत गेलं.

तिचं खरं नाव एला येलिच-ओ'कॉनर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट या उपनगरात वाढलेली. शाळेच्या एका स्पर्धेत गातानाचा तिचा व्हिडिओ युनिव्हर्सल कंपनीच्या माणसाने पाहिला आणि ती बारा-तेरा वर्षांची असतानाच तिच्याशी करार झाला. कंपनीने वेगवेगळ्या गीतकारांबरोबर तिला बसवून पाहिलं, ते काही जमलं नाही. जमलं ते ऑकलंडच्याच जोएल लिटलबरोबर, त्याच्या छोट्याशा स्टुडिओत, शाळेच्या सुट्ट्यांमध्ये. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये पहिली पाच गाणी साउंडक्लाउड या गाण्यांच्या संकेतस्थळावर फुकट टाकली, 'रॉयल्स' त्यातलंच. तिची आई सोन्या येलिच कवयित्री आहे, आणि मुलगी लहानपणापासून कथा-कविता वाचत वाढलेली. हे मुद्दाम सांगतेय, कारण या अल्बममधले शब्द चालीवर बसवायला म्हणून आणलेले नाहीत. ते आधी वहीत लिहिलेले वाटतात.

मी राहते विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात. मुख्यमंत्रिपदावर असतानाच १९६३ साली वारलेल्या मारोतराव कन्नमवारांचं नाव या वसाहतीला दिलंय. हायवे ओलांडला की हाउसिंग बोर्डाच्या इमारती, पलीकडे खाडी आणि तिवरं. मुंबईवर इतके सिनेमे निघाले, पण त्यात मरीन ड्राइव्ह असतो, गिरगाव असतो, धारावी असते. कन्नमवार नगर नसतं. विक्रोळीला फास्ट लोकलसुद्धा थांबत नाही. आपण प्लॅटफॉर्मवर उभे असतो आणि ती धूळ उडवत निघून जाते. म्हणून या अल्बममधल्या 'टीम' या गाण्यात ही मुलगी जेव्हा म्हणते की आमची शहरं तुम्हाला पडद्यावर कधी दिसायची नाहीत, तेव्हा मी ते मनापासून ऐकलं. ती कुरकुर करत नाहीये. दिसत नाही, तरी आम्ही इथे आहोत आणि आमचं बरं चाललंय, एवढंच ती ताठ मानेने सांगते.

विक्रोळीहून स्लो धरली की सीएसएमटी येईपर्यंत साधारण हा अल्बम होतो. पहिलं गाणं घाटकोपरच्या आसपास संपतं, आणि कुर्ल्याची गर्दी आत घुसत असते तेव्हा चौथं सुरू झालेलं असतं. ऑफिसला जाताना मी तो असाच ऐकत आले, लेडीज डब्यात, हातात पिशवी, कानात साधे इअरफोन. दुसऱ्या गाण्याचं नाव '४०० लक्स'. लक्स हे उजेड मोजायचं एकक. निरभ्र दिवशी सूर्य उगवताना किंवा मावळताना साधारण चारशे लक्स उजेड असतो म्हणतात. गाण्यात घडत काहीच नाही. दोघं जण गाडीतून उपनगरात उगीच फिरतायत, वेळ घालवतायत, संत्र्याचा रस पितायत. आणि ती म्हणते, ज्या रस्त्यांवरची घरं बदलत नाहीत ते रस्ते मला आवडतात.

हाउसिंग बोर्डात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सगळ्या इमारती एका साच्यातल्या. तोच जिना, तीच जाळी, तोच पिवळट रंग आणि भिंतीवर काळ्या रंगात घातलेला इमारतीचा नंबर. नवा पाहुणा हमखास चुकीच्या इमारतीत चढायचा आणि तिसऱ्या मजल्यावर परक्या घराची कडी वाजवायचा. ते घरही त्याला चहा पाजून योग्य नंबर सांगायचं. या सारखेपणाची आम्हाला लाज वाटावी असंच बाहेरचं जग सुचवायचं. ऑफिसात कोणी 'कुठे राहतेस' विचारलं की आम्ही 'पवईजवळ' म्हणायचो. आणि इथे पृथ्वीच्या पार टोकाला राहणारी एक पोरगी तेच उघडपणे आवडतं म्हणून सांगते, त्यात कोणतंही कौतुक कालवत नाही. आता आमच्या बऱ्याच इमारती पाडून टॉवर होतायत, प्रत्येकाचा नकाशा वेगळा. 'बदलत नाहीत' हे शब्द हल्ली मला जास्त लागतात.

ट्रेनमध्ये मात्र मला अर्धाच अल्बम ऐकू येत होता. हे कळलं माझ्या चुलतभावामुळे. दादा बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आठ चौकोनी रबरी पॅड असलेलं ते यंत्र, काठीने वाजवायचं, आणि प्रत्येक पॅडवर हवा तो आवाज बसवायचा, ढोलकीचा, ताशाचा, टाळीचा, काहीही. रोलंड या जपानी कंपनीने ते १९८५ साली आणलं आणि आमच्या भागातल्या हळदी, मिरवणुका, गणपती यांनी ते असं काही आपलंसं केलं की आता ते परदेशी वाटतच नाही. इलेक्ट्रॉनिक संगीत आमच्याकडे क्लबमधून आलं नाही, हळदीच्या मांडवातून आलं. तिथे नियम एकच, पोकळी ठेवायची नाही. क्षणभर जरी आवाज पडला तरी नाचणारे पाय थांबतात आणि वरातीतले काका रागावून मागे वळून बघतात.

तर दादाच्या घरी त्याच्या मोठ्या स्पीकरवर मी 'रॉयल्स' लावलं. पहिल्या ठोक्याला काचेच्या कपाटातली भांडी हलली. त्या ठोक्याच्या पोटात एवढा लांब, खालचा हुंकार आहे हे मला माहीतच नव्हतं. रेल्वेच्या खडखडाटात तो पार बुडून जायचा. दादा खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून बसला होता. एक कडवं झाल्यावर त्याची बोटं थांबली.

"ह्यात वाजवलंय काय?" तो म्हणाला.

"तेच तर."

"नाय, थांब. परत लाव."

परत लावलं. या वेळी त्याने बोटं वाजवली नाहीत, डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "मारलेत कमी, सोडलेत जास्त. हे अवघड असतं बघ. माझा हात इथे दहा वेळा पडला असता. तिने एकदाच मारून तो सगळा पुरवलाय."

एकदाच मारून पुरवलाय. या अल्बमबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

तो खालचा लांब हुंकारवाला ठोका ज्या कुळातला आहे त्याचं मूळ त्याच रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या यंत्रात आहे. १९८० साली आलेलं हे ड्रम मशीन. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून तेव्हा ते फारसं खपलं नाही, आणि १९८३ला कंपनीने बंद केलं. मग सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळायला लागल्यावर अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्या पोरांनी ते उचललं आणि त्या 'खोट्या' ठोक्यावर पुढचं अर्धं पॉप संगीत उभं राहिलं. दादाला मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून तो खरोखर हलला: १९८२ साली याच आपल्या मुंबईत, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी टीआर-८०८ आणि दोन सिंथेसायझर घेऊन रागांची एक रेकॉर्ड काढली होती. कोणी विकत घेतली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं, की ज्या प्रकारचा आवाज शिकागोत काही वर्षांनी जन्मला म्हणतात तो मुंबईत आधीच वाजून गेला होता. २०१५ साली ते मुंबईतच वारले. त्यांच्या रेकॉर्डमध्ये राग भरभरून आहेत, लॉर्डच्या अल्बममध्ये सूर मोजके. पण यंत्राला माणसासारखं वाजायला न लावता यंत्र म्हणूनच वापरण्याचा धीटपणा दोन्हीकडे आहे.

आता आवाजाबद्दल. हा भाग मला सगळ्यात जवळचा.

मी लहानपणी गाण्याच्या क्लासला जायचे. प्रारंभिक दिली, प्रवेशिकेची तयारी केली. माझा आवाज जाड. बाई पेटीवर काळी चार धरायच्या आणि मी वरच्या षड्जाला पोचताना फाटायचे. बाकीच्या मुलींचे आवाज बारीक, सुरेल, उंच. एकदा बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा आवाज मुलाचा आहे, तू मागे बसून टाळ धर. मी टाळ धरला, आणि पुढच्या वर्षी क्लास सोडला. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या कानात लताबाई होत्या, जशा त्या पिढीच्या प्रत्येकीच्या कानात होत्या, आणि बाईचा आवाज म्हणजे तो, हे इतकं पक्कं होतं की गंगूबाई हनगलांची खर्जातली भारदस्त तान रेडिओवर लागली तरी तिचा माझ्या आवाजाशी काही संबंध असू शकतो हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

लॉर्ड सगळा अल्बम खालच्या पट्टीत गाते. वर जायची तिला घाई नाही. कडव्यात ती जवळजवळ बोलते, थोडा घोगरेपणा तसाच ठेवते, श्वास घेतल्याचा आवाजही पुसून टाकत नाही. कसरत म्हणून एकही जागा घेतलेली नाही. आणि धृपद आलं की तिचाच आवाज दहा ठिकाणांहून येतो: खाली एक, मध्ये दोन, वर एक बारीक, कोपऱ्यात कुजबुजणारा आणखी एक. दुसरी कोणी गायिका साथीला नाही. जे काम एरवी व्हायोलिनं करतात ते ती एकटी, स्वतःच्या आवाजाच्या थरांनी करते. भोंडल्याला हत्ती मधे ठेवून बायका फेर धरतात तेव्हा नुसत्या गळ्यांवर गाणं उभं राहतं ना, तसं. फक्त इथे फेरातली प्रत्येक बाई तीच आहे. जाड आवाजाच्या मुलीला मागे बसवायची गरज नाही, तिच्या एकटीच्या आवाजातून सगळा समूह होऊ शकतो, हे मी तिशी उलटून गेल्यावर ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आईला मी हा अल्बम ऐकवला तेव्हा तिला पॉप गायिका नाझिया हसन आठवली, आणि ते अगदी बरोबर होतं. १९८१ साली 'डिस्को दीवाने' आला तेव्हा नाझिया सोळा वर्षांची होती. संगीत बिद्दूचं, भाऊ झोहेब बरोबर, मूळ गाव कराची, शिक्षण लंडनला; आणि त्यांचं गाणं वाजत होतं चाळीतल्या टेपरेकॉर्डरवर. त्याच्या आदल्या वर्षी 'कुर्बानी'तल्या गाण्याने ती घराघरात पोचलेली होतीच. आई म्हणाली, "ती आमच्यातली वाटायची. साडी नेसून माईकपुढे उभी राहणारी बाई नव्हती ती, शाळेतली मुलगी होती." नाझियाचा आवाजही सरळ, किंचित नाकातला, अलिप्त. नुसत्या आवाजावरून तिला सिनेमाची नायिका कोणी म्हटलं नसतं. पस्तिसाव्या वर्षी कर्करोगाने गेली. आई आजही ते कॅसेटचं कव्हर कसं होतं ते सांगते. पहिल्या अल्बममध्ये एक गोष्ट असते जी नंतरच्या कितीही चांगल्या अल्बममध्ये येत नाही: गाणाऱ्याला अजून कोणी ऐकलेलं नसतं, त्यामुळे तो कोणाच्या अपेक्षेला उत्तर देत नसतो.

'रॉयल्स'वर एक आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता आणि तो मला बाजूला सारता येत नाही. गाण्यात ज्या श्रीमंतीला ही मुलगी नको म्हणते, सोन्याचे दात, महागडी दारू, आलिशान गाड्या, ती बरीचशी कृष्णवर्णीय रॅप गायकांच्या गाण्यांतली आहे. पिढ्यानपिढ्या काही मिळालं नाही अशा माणसाने पहिल्यांदा पैसा आल्यावर सोनं अंगावर घातलं, तर त्यात दिखाऊपणापलीकडचं काही असतं. आमच्या मागच्या वस्तीतला एक मुलगा पहिल्या मोठ्या कमाईतून गळ्यात जाड चेन घालून आला तेव्हा त्याच्या आईचा चेहरा मी पाहिलाय. पुस्तकांच्या घरातून अशा सोन्याला नाक मुरडणं सोपं. पण त्याच गाण्यात ही मुलं पार्टीला जाताना ट्रेनमध्ये बसून खिशातले पैसे मोजतात, आणि स्वप्नात आपणही कॅडिलॅक चालवतो हे कबूलही करतात. हवं तर आहे, परवडत नाही, आणि म्हणून आपल्यापुरतं वेगळं राज्य मांडलंय. वडापावच्या पैशांची वर्गणी काढून वाढदिवस साजरे केलेल्या कोणालाही ते खोटं वाटणार नाही.

अल्बमचा सर्वात उंच बिंदू माझ्या मते 'रिब्ज'. आई-वडील बाहेरगावी असताना घरी केलेल्या एका पार्टीवरून ते सुचलं असं तिने सांगितलंय. सुरुवातीला कितीतरी वेळ नुसते आवाज येतात, शब्दांशिवाय, लांबून, एकमेकांत मिसळलेले. मग खालून ठोका सुरू होतो आणि ती म्हणते, मोठं होण्याची भीती वाटते. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी म्हातारपणाबद्दल बोलते आणि ते जराही नाटकी वाटत नाही, कारण ती भीती पुढच्या वयाची नसतेच, हातातून आत्ता निसटणाऱ्या रात्रीची असते. लहान मुलांसारखं एका गादीवर दाटीवाटीने झोपणं, बरगड्या दुखेपर्यंत हसणं. तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी त्यांच्यामागची गर्दी वाढत जाते.

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी आम्ही अशाच एका रांगेत गाद्या टाकून झोपायचो, उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाच-सहा जणी. आता एक बदलापूरला आहे, एक अंबरनाथला, एक पार खोपोलीकडे. विक्रोळीत घर घेणं कोणाच्याच आवाक्यात राहिलं नाही. ग्रुप आहे, त्यावर गुड मॉर्निंग येतात. मी एकदा 'रिब्ज'ची लिंक टाकली. बदलापूरवालीने रात्री साडेबाराला उत्तर दिलं: "हे मला ट्रेनमध्ये ऐकायला नको होतं. बाजूची बाई विचारायला लागली, काय झालं."

सगळीच गाणी या उंचीवर नाहीत. 'ग्लोरी अँड गोर' आणि 'स्टिल सेन' ही प्रसिद्धीबद्दलची गाणी मला कोरडी वाटतात. तिला तेव्हा प्रसिद्धी नुकती दिसायला लागली होती, उपनगर मात्र तिने जगलेलं होतं, आणि हा फरक ऐकू येतो. 'बझकट सीझन' त्याच्या अगदी उलट. टीव्हीवर स्फोट चालू आहेत, आणि मुलं गुडघे पोटाशी घेऊन बसमधून चाललीयत, सगळं ठीक आहे असं एकमेकांना भासवत. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री आणि त्यानंतरचे दोन दिवस टीव्हीसमोर बसलेल्या मुंबईकराला ते गाणं नुसतं गोड वाटू शकत नाही.

आणि पहिलं गाणं, 'टेनिस कोर्ट'. त्याच्या व्हिडिओत ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेऱ्याकडे बघत बसते. गाणं चालू असतं आणि तिचे ओठ हलत नाहीत. फक्त एक 'येss' आला की तेवढाच ती म्हणते. त्या गाण्याची पहिलीच ओळ विचारते की लोकांचं बोलणं कंटाळवाणं नाही का. दहाव्या गाण्याचा शेवट म्हणतो, बोलू देत. मधली सदतीस मिनिटं या दोन वाक्यांमधला प्रवास आहे, म्हणून गाणी उलटसुलट न करता क्रमाने ऐकावीत असं माझं सांगणं असतं. हल्ली कोणी अल्बम सलग ऐकत नाही. हा ऐकून बघा, आणि शक्य असेल तर ज्यात खालचा आवाज नीट येतो अशा स्पीकरवर.

माझ्या भाचीला हे काही मान्य नाही. ती रुपारेल कॉलेजला आहे आणि तिच्या मते २०१७चा 'मेलोड्रामा' हाच लॉर्डचा खरा अल्बम. "मावशी, पहिल्यात ती लांबून बघते. दुसऱ्यात ती आत असते," असं ती म्हणते, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझं म्हणणं असं की लांबून बघणाऱ्याने आपल्याला शेजारी बसायला जागा ठेवलेली असते. वाद मिटलेला नाही. येत्या रविवारी दादाच्या स्पीकरवर दोन्ही अल्बम लागोपाठ लावायचे ठरलेत. आई नाझियाची कॅसेट घेऊन येणार म्हणते; ती वाजवायला टेपरेकॉर्डर कोणाकडे आहे, याची चौकशी चालू आहे.